तोतया आणि एक ओळ

परवा पुण्याहून पुतणीचा फोन. "काका, पासवर्ड विचारलाच नाही, तरी आत गेले की मी!"

आदल्या रात्री अकरापर्यंत जागून मीच बंदोबस्त केला होता, त्यामुळे मला खरंच वाटेना.

मागची हकीकत अशी. तिसगावच्या जुन्या गोष्टींची माझी हजाराच्या वर कार्डं आहेत. मढीच्या यात्रेतला गाढवांचा बाजार, १९७२ च्या दुष्काळातली खडी फोडण्याची कामं, वृद्धांनी सांगितलेल्या आठवणी, कोणाची जमीन कोणाकडे गहाण होती तेही. नातवाने ती सगळी पोस्टग्रेस नावाच्या डेटाबेसमध्ये घालून भाड्याच्या सर्व्हरवर ठेवली. कोणाला आत घ्यायचं याचे नियम तिथे एका साध्या फाइलमध्ये असतात, पीजी_एचबीए.कॉन्फ. एका ओळीत एक नियम: जोडणी कोणत्या प्रकारची, कुठला डेटाबेस, कोण माणूस, कुठल्या पत्त्यावरून आला, आणि त्याची ओळख कशी पटवायची. घाईघाईत नातवाने पहिल्याच ओळीत लिहून ठेवलं होतं की कुठलाही पत्ता, कोणीही माणूस, पद्धत 'ट्रस्ट'. म्हणजे जो जे नाव सांगेल तोच तो!

हे वाचलं आणि मला तोतया आठवला.

१७६१ साली पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले, पण प्रेताच्या ओळखीबद्दल लोकांच्या मनात शंका राहिली. पार्वतीबाईंनी तर १७८३ पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत, स्वतःला विधवा मानलं नाही. अशा वेळी कोणी येऊन "मीच भाऊ" म्हणाला तर? तसा एक कनोजी ब्राह्मण आला. चेहरामोहरा सारखा होता म्हणतात. थोरल्या माधवरावांच्या काळात चौकशी होऊन तो तोतया ठरला आणि कैदेत पडला. पुढे माधवराव गेले, १७७३ मध्ये नारायणरावांचा खून झाला, पेशवाईच्या गादीवर तान्हं मूल आणि कारभार बारभाईंच्या हाती. १७७६ मध्ये रत्नागिरीच्या रामचंद्र नाईक परांजप्यांनी या कैद्याला भाऊ म्हणून मान्य केलं आणि मोकळं सोडलं. मग काय, कोकणातले किल्ले एकामागून एक त्याच्या हाती गेले, हजारो माणसं गोळा झाली. शेवटी महादजी शिंदे आणि भिवराव पानसे यांनी त्याचा मोड केला, आंग्र्यांनी पकडलं, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात पुण्यात त्याला देहान्त शिक्षा झाली. न. चिं. केळकरांचं 'तोतयाचे बंड' हे नाटक याच प्रकरणावरचं.

शाळेत शिकवताना मुलं दर वर्षी विचारत, "गुरुजी, पुण्यात चौकशी झालेली असताना रत्नागिरीत कसं मानलं?" मी काहीतरी उत्तर देऊन पुढे जात असे. ते परवा नीट कळलं, तेही माझ्याच चुकीमुळे. मी कडक नियम लिहिला खरा, पण फाइलच्या तळाशी. ही फाइल वरून खाली वाचली जाते, आणि जी पहिली ओळ लागू पडते तिथेच निकाल. खालची कोणी पाहत नाही. वर 'ट्रस्ट' असताना माझा बंदोबस्त खाली नुसता बसून होता. पुण्याचा निकालही असाच खाली राहिला, दारावरच्या माणसाने आधीच "या" म्हटलं.

अर्थात दारावरच्यांना हसण्याचा मला अधिकार नाही. पहिलीत नाव घालायला बाप मुलाला घेऊन यायचा, जन्मतारीख ठाऊक नसायची, आणि आम्ही मास्तर एक जून लिहून मोकळे व्हायचो. माझीही एक जूनच आहे. तोही 'ट्रस्ट'च की. पुढे ती तारीख बदलायला शिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी लागते, पण लिहिताना पुरावा कोणी मागितला नाही.

पोस्टग्रेसचं काम १९८६ मध्ये बर्कलीच्या विद्यापीठात सुरू झालं. त्यात नंतर एमडी५ नावाची पद्धत आली. पासवर्ड तसाच न ठेवता त्याचा कुटून केलेला अर्क ठेवायचा. पण तो अर्कच कोणी चोरला तर तेवढ्यावर आत जाता येतं, म्हणजे शिक्क्याचा ठसा चोरून पत्र करावं तसं. २०१७ च्या दहाव्या आवृत्तीपासून 'स्क्रॅम' आली. तिच्यात सर्व्हरकडचा साठा चोरून काम भागत नाही, आणि गंमत म्हणजे सर्व्हरलाही आपण खरा असल्याचं पटवून द्यावं लागतं. रत्नागिरीला याचा काही उपयोग झाला नसता म्हणा.

असो. वरची ओळ काढली, पुतणीच्या नावाने, फक्त एन्क्रिप्शन असलेल्या जोडणीसाठी, स्क्रॅमची ओळ घातली, तिला नवा पासवर्ड दिला आणि फाइल पुन्हा वाचायला लावली. ते केल्याशिवाय बदल लागू होत नाही, हे नातवाने फोनवर दोनदा बजावलं. आता तिला पासवर्ड विचारतो.

पण ते दार आठ महिने सताड उघडं होतं. कोणी आत येऊन गेलं का, एखादी तारीख, एखाद्या शेतावरचं नाव बदललं का, हे सांगणारी नोंदही आम्ही ठेवली नव्हती. ज्यांनी विश्वासाने सांगितलं त्यातली निम्मी माणसं आता नाहीत. म्हणून रोज सकाळी चहा झाला की कागदी कार्डं आणि पडदा शेजारी ठेवून ताडून पाहतोय. दोनशे तेराव्यापर्यंत आलोय. अजून फरक सापडला नाही, एक माझीच शुद्धलेखनाची चूक सोडली तर.