कमान दिसते, पण कमान आहे का?

कमान म्हणजे फारसीत धनुष्य. मराठीत आपण घड्याळाच्या स्प्रिंगलाही कमान म्हणतो आणि गावाच्या प्रवेशद्वारालाही. बोलताना ते चालतं. पण वास्तूच्या नोंदीत नुसतं ‘कमान आहे’ असं लिहिलं, की मुख्य गोष्टच निसटते: वरचा भार खाली पोचतो कसा?

दिल्लीत कुतुबमिनारच्या आवारातलंच उदाहरण घ्या. कुव्वत-उल-इस्लाम मशिदीसमोरची, 1199 सालची उंच दगडी भिंत. लांबून बघाल तर सुंदर टोकदार कमानी. जवळ जाऊन सांधे बघा. ते आडवे आहेत! प्रत्येक थर खालच्या थरापेक्षा थोडा पुढे सरकवलाय, आणि कडा तासून कमानीचा आकार दिलाय. याला कॉर्बेल पद्धत म्हणतात. भारतातल्या मंदिरांत ती आधीपासून होती.

तिथून चार पावलांवर 1311 चा अलाई दरवाजा. इथे दगड पाचरीसारखे घडवलेत आणि त्यांचे सांधे पंख्याच्या काड्यांसारखे पसरलेत. या पाचरींना व्हूस्वार म्हणतात. जिथून वळण सुरू होतं तो भाग स्प्रिंगिंग, आतली वक्र कड इंट्राडॉस, बाहेरची एक्स्ट्राडॉस. अलाई दरवाजावरची कमळकळ्यांची झालर इंट्राडॉसला लटकलेली आहे, असं एका वाक्यात सांगता येतं ते या शब्दांमुळेच. पाचरी एकमेकींना दाबतात, त्यामुळे कमान बाजूलाही ढकलते. म्हणून दोन्ही अंगांना भक्कम भिंत हवी. शिवाय शेवटचा दगड बसेपर्यंत खालून लाकडी आधार लागतो, तो सेंट्रिंग. हाच शब्द आज स्लॅबवाल्यांच्या तोंडी आहे.

कीस्टोनचं मात्र उगाच फार कौतुक होतं. तो शेवटी बसतो इतकंच, भार सगळ्याच पाचरी घेतात. टोकदार कमानीत तर माथ्यावर कित्येकदा दगड नसून सांधाच असतो.

आता ‘तुर्कांबरोबर कमान आली’ हे पाठ्यपुस्तकी वाक्य परत वाचा. आकार आधी आला. पाचरींचं तंत्र दिल्लीत टिकून असलेल्या वास्तूंत साधारणपणे बल्बनच्या थडग्यापासून दिसतं असं मानतात, आणि बल्बन वारला 1287 मध्ये. म्हणजे मधली ऐंशीहून जास्त वर्षं एका शब्दाखाली झाकली गेली.

फील्डवर्कला जाल तेव्हा आधी सांध्यांचे फोटो काढा, मग पूर्ण कमानीचा. गिलावा असेल तर सांधे दिसणार नाहीत. तिथे ‘टोकदार कमानीचा आकार, बांधणी दिसत नाही’ एवढंच लिहा.