अमरावतीनं आधीच सांगितलं होतं

आजची गोष्ट एका वर्षाची, मार्च २०२० ते मार्च २०२१. फार जुना इतिहास नाही. तुमच्यातले बरेच जण तेव्हा मोबाइलवर शाळा-कॉलेज करत होते. मुंबई-पुण्याचं कोरोनाचं वर्ष सगळ्यांना ठाऊक आहे. आपल्या वऱ्हाडाचं मात्र फारसं कुणी सांगत नाही.

२५ मार्चला देश बंद झाला. इकडे कापसाची खरेदी थांबली आणि कितीतरी शेतकऱ्यांच्या घरात कापूस तसाच पडून राहिला. सुरुवातीला तपासणीचे नमुने नागपूरला जायचे. मग अकोल्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात आणि अमरावतीच्या विद्यापीठात प्रयोगशाळा सुरू झाल्या. हातात झाडू घेऊन गावं साफ करणाऱ्या गाडगेबाबांचं नाव असलेलं हे विद्यापीठ. आता रुग्ण किती, ते इथंच कळू लागलं.

१ जुलैला आषाढी. कौंडण्यपूरहून रुक्मिणीमातेची पालखी दरवर्षी पायी पंढरपूरला जाते, त्या वर्षी ती एसटीनं गेली. अकोल्यातून जाणारी शेगावच्या गजानन महाराजांची पायी वारी तर निघालीच नाही.

हिवाळ्यात रुग्ण कमी झाले आणि लोकांना वाटलं, सुटलो बुवा! लग्नं लागली. १५ जानेवारी २०२१ ला ग्रामपंचायतीचं मतदान झालं. २७ जानेवारीपासून पाचवी ते आठवीचे वर्ग भरू लागले.

आणि फेब्रुवारीत अमरावतीचे आकडे उसळले. आधी शनिवार-रविवार बंद, मग २२ फेब्रुवारीच्या संध्याकाळपासून अमरावती आणि अचलपूर आठवडाभर बंद. अकोला, अकोट, मूर्तिजापूरवरही निर्बंध आले.

आता जरा थांबा, राजेहो. दोनच दिवसांनी, २४ फेब्रुवारीला, अहमदाबादच्या स्टेडियममध्ये भारत-इंग्लंड कसोटी सुरू झाली, प्रेक्षकांसह. तिकडे स्टँडमध्ये टाळ्या, इकडे अमरावतीत दुकानांची शटरं खाली. बाकीच्यांना वाटलं, हा अमरावतीचा प्रश्न आहे.

२४ मार्चला केंद्रीय आरोग्य मंत्रालयानं सांगितलं, की महाराष्ट्रातल्या नमुन्यांत दोन बदल झालेला विषाणू वाढतोय. राज्यभर कडक संचारबंदी लागली ती १४ एप्रिलला. अमरावती बंद झाल्यापासून ५१ दिवसांनी! त्यानंतर देशभर ऑक्सिजनसाठी काय धावाधाव झाली, ते वेगळं सांगायला नको. याच विषाणूच्या कुळातल्या एका प्रकाराला ३१ मे रोजी जागतिक आरोग्य संघटनेनं नाव दिलं, डेल्टा.

डेल्टा अमरावतीतच जन्मला, असं मी म्हणत नाहीये. अमरावती लवकर बंद केली म्हणून इथली माणसं वाचली, असंही नाही. इथल्याही कितीतरी घरांत फोटोला हार चढले. म्हणणं एवढंच आहे, की धोक्याची घंटा आधी जिल्ह्याच्या गावी वाजली होती. ती ऐकू आली, पण लांबची वाटली.

तुमच्या घरी त्या फेब्रुवारीची काय आठवण आहे? आई-बाबांना, आजीला विचारा आणि रेकॉर्ड करून ठेवा. इतिहास असाच जमा होतो.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!