डावीकडच्या वाटेला लागू नये

पावसाळ्यात डोंगरात जायचं ठरलं की आदल्या रात्री मी पुस्तकातल्या दोन पानांची झेरॉक्स काढून आणतो, तिच्या चार घड्या घालतो आणि धुऊन वाळवलेल्या दुधाच्या पिशवीत गुंडाळून सॅकच्या वरच्या कप्प्यात ठेवतो. एवढं करूनही कागद भिजतोच. आधी घडीवरची ओळ जाते, मग नकाशातली नाळ आणि सोंड एकमेकींत मिसळतात. पण एक वाक्य भिजलं तरी बिघडत नाही, कारण ते पाठ असतं. या ना त्या किल्ल्याच्या वर्णनात ते येतंच: पहिल्या पठारावर वाटेला फाटा फुटतो, डावीकडची वाट रुंद दिसली तरी ती ढोरवाट आहे, तिला लागू नये.

या ‘लागू नये’च्या मागे एक माणूस उभा असतो. तो त्या ढोरवाटेला लागलेला असतो. तासभर कारवीतून घुसत गेला, कड्याच्या टोकावर येऊन थांबला, आल्या वाटेने परत फिरला आणि घरी येऊन त्याने हे वाक्य लिहिलं. गावातल्या वाटाड्याला असं काही बोलावं लागत नाही. तो मुकाट उजवीकडे वळतो आणि आपण त्याच्या मागे वळतो. वाटाड्या सोबत नसेल तेव्हा त्याचं ते वळणं कागदावर उतरवावं लागतं. डोंगरभटक्यांच्या पुस्तकांचं मूळ शोधायला बसलो तेव्हा मी खरं तर या एका वाक्याचं कूळ शोधत होतो. आल्प्समध्ये त्याची एक मोठी शाखा आहे. अल्पाइन क्लबचा पहिला अध्यक्ष जॉन बॉल याने १८६३ पासून तिथल्या वाटा-खिंडींची मार्गदर्शिका काढली. पण मला हे कूळ पिढी दर पिढी दिसलं ते इंग्लंडच्या वायव्येला, लेक डिस्ट्रिक्टच्या डोंगरांत.

तिथलं पहिलं नावाजलेलं पुस्तक १७७८ सालचं. थॉमस वेस्ट या जेझुइट पाद्र्याचं. त्यात वाटेपेक्षा जागा महत्त्वाची आहे. या तळ्याच्या काठाने इतकं जा, अमुक खडकापाशी, तमुक झाडापाशी थांबा, आता समोर पाहा. अशा जागांना तो ‘स्टेशन’ म्हणतो. चित्रकाराने चौकट धरावी तसा देखावा जिथून नीट बसतो ती जागा म्हणजे स्टेशन. तिथे उभं राहून पाहायचं आणि पुढच्या स्टेशनाकडे निघायचं. विंडरमिअर तळ्याच्या पश्चिम काठावरच्या अशाच एका स्टेशनावर पुढे १७९०च्या दशकात खास देखावा पाहण्यासाठी एक इमारतच उभी राहिली. तिच्या खिडक्यांना रंगीत काचा होत्या, म्हणजे एकच तळं कधी उन्हाळ्यातलं दिसावं, कधी चांदण्यातलं.

हौशी प्रवाशाजवळ आणखी एक वस्तू असे. तळहातात मावणारा, किंचित फुगीर आणि काळपट रंगाचा आरसा. क्लोद लोरँ या फ्रेंच चित्रकाराच्या नावाने तो ओळखला जाई. डोंगराकडे पाठ करायची, आरसा डोळ्यांसमोर धरायचा आणि त्यात सगळा देखावा लहान, मवाळ, चित्रासारखा झालेला पाहायचा. टॉमस ग्रे हा कवी १७६९च्या ऑक्टोबरमध्ये असा आरसा घेऊनच तिथे हिंडत होता. केझिक गावाजवळ उघडा आरसा हातात धरून चालताना तो चिखलाच्या गल्लीत पाठीवर पडला. आरसा वाचला, बोटांची पेरं तेवढी सोलली. त्याने हे स्वतःच टिपून ठेवलंय आणि त्याचं टिपण वेस्टच्या पुस्तकाच्या १७८०च्या आवृत्तीत पुरवणी म्हणून छापलं गेलं. मला ही नोंद फार मोलाची वाटते. या पुस्तकांच्या कुळात पायाखालच्या जमिनीचा पहिला खरा उल्लेख कुणाच्या तरी पडण्यातून आला.

पुढे फ्रान्सशी युद्ध जुंपलं, युरोपचे रस्ते इंग्रज प्रवाशांना बंद झाले आणि लोक आपल्याच डोंगरांकडे वळले. १८१० साली लेक डिस्ट्रिक्टच्या चित्रांचा एक संग्रह निघाला. त्याची प्रस्तावना कुणी लिहिली ते त्यात छापलं नव्हतं. ती कवी विल्यम वर्डस्वर्थची होती. तीच वाढत वाढत १८२२ साली स्वतंत्र पुस्तक झाली आणि १८३५ पर्यंत तिच्या पाच आवृत्त्या निघाल्या. मॅथ्यू अर्नोल्डने सांगितलेली आठवण अशी की, एका धर्मोपदेशकाने वर्डस्वर्थला अगदी मनापासून विचारलं होतं, या मार्गदर्शिकेखेरीज तुम्ही आणखी काही लिहिलंय का?

या पुस्तकात वर्डस्वर्थने वाचकाला ज्या जागी उभं केलं तिथे वेस्टचं कुठलंच स्टेशन पोहोचलं नव्हतं. तो म्हणतो, ग्रेट गेबल आणि स्कॉफेल या दोन डोंगरांच्या मधोमध एक ढग तरंगतोय आणि आपण त्या ढगावर आहोत असं समजा. तिथून खाली पाहिलं की सगळ्या दऱ्या चाकाच्या तुंब्यातून निघालेल्या आऱ्यांसारख्या बाहेर पसरलेल्या दिसतात. हातात उंचीच्या रेषांचा नकाशा नसलेल्या माणसाने अख्ख्या प्रदेशाची ठेवण एका कल्पनेत बसवून दिली. आजही तिथला नकाशा उघडला की ते चाक आधी दिसतं. पण ढगावर बसून चालता येत नाही.

चालणं आलं त्याच्या बहिणीकडून. ७ ऑक्टोबर १८१८ रोजी डोरोथी वर्डस्वर्थ आणि तिची मैत्रीण मेरी बार्कर निघाल्या होत्या एका खिंडीपर्यंत. सोबत वाटाड्या म्हणून तिथलाच एक मेंढपाळ. हवा इतकी निवळ होती की खिंडीतून पुढे जावंसं वाटलं आणि त्या थेट इंग्लंडच्या सगळ्यात उंच माथ्यावर, स्कॉफेल पाइकवर पोहोचल्या. उंची ९७८ मीटर, म्हणजे आपल्या राजगडाहून बरीच कमीच म्हणा. बायका डोंगरमाथ्यावर जात नसत, तेव्हाची ही गोष्ट. वर वारा इतका पडलेला की कानांना काही ऐकू येईना. पाहता पाहता त्या मेंढपाळाने लांबच्या आभाळाकडे बघून वादळ येतंय असं सांगितलं, आणि ते आलं. डोरोथीने हे सगळं एका पत्रात लिहिलं. ते पत्र थोडे फेरफार करून भावाच्या मार्गदर्शिकेत आलं. डोरोथीचं नाव मात्र आलं नाही.

म्हणजे लेक डिस्ट्रिक्टच्या सगळ्यात प्रसिद्ध मार्गदर्शिकेत सगळ्यात उंच चढाईचं जे वर्णन वाचून लोक पिढ्यान् पिढ्या वर गेले, ते एका बाईच्या पायांचं होतं आणि एका मेंढपाळाच्या नजरेचं होतं. हे मला कायम टोचतं. आपल्याकडेही पुस्तकातल्या वाटांमागे गावातला कुणी कातकरी, धनगर, महादेव कोळी असतोच, आणि पुस्तकावर नाव शहरातल्याचं असतं. मी वाचलेल्या पुस्तकांपैकी थोड्यांनीच त्यांची नावं छापली. ज्यांनी छापली त्यांच्यावर माझा जास्त विश्वास बसतो.

त्याच काळात केझिकमध्ये जोनाथन ऑटली नावाचा घड्याळजी होता. दुकान जिना चढून वर. घड्याळं दुरुस्त करता करता त्याने तो सगळा प्रदेश पायी मोजला, १८१८ मध्ये नकाशा काढला आणि तिथल्या खडकांचे तीन मुख्य पट्टे कसे पडतात ते १८२० मध्ये लिहून दाखवलं. अभ्यासक त्याला तिथल्या भूगर्भशास्त्राचा जनक म्हणतात. १८२३ साली त्याने आपली मार्गदर्शिका काढली. तिला वर्डस्वर्थच्या भाषेची झळाळी नाही. पण हा माणूस लोकांना स्वतः डोंगरावर घेऊन जात असे, आणि वाटाड्याने स्वतः लिहायला घेतलं की मजकूर कसा कामाचा होतो ते त्यात दिसतं.

१८४७ साली रेल्वे विंडरमिअरला पोहोचली. वर्डस्वर्थचा तिला कडवा विरोध होता, तरी ती आली आणि तिच्यातून नवा वाचक उतरला. त्याच्याकडे वेळ थोडा, पैसे बेताचे आणि वाटाडे परवडायचे नाहीत. १८८० साली बॅडली नावाच्या लेखकाच्या मार्गदर्शिकेत बार्थोलोम्यू कंपनीचे नकाशे आले. खालची जमीन हिरवी, वरची तपकिरी, अशी उंची रंगाने दाखवणारे. शाळेतल्या अॅटलासमध्ये आपण सह्याद्री ज्या रंगांत पाहिला, त्या रंगांची ही सुरुवातीची खेप.

मग आल्फ्रेड वेनराइट. १९०७ साली ब्लॅकबर्न या कापडगिरण्यांच्या गावात जन्म, तेराव्या वर्षी शाळा सुटली, नगरपालिकेत पोऱ्या म्हणून लागला आणि हिशेबनीस झाला. तेविसाव्या वर्षी, १९३० मध्ये, चुलतभावासोबत सुट्टीत विंडरमिअरला उतरला आणि ऑरेस्ट हेड नावाच्या टेकडीवर चढला. समोर जे दिसलं त्याने त्याचं आयुष्य ठरवलं. अकरा वर्षांनी त्याने जवळच्या केंडल गावी नोकरी मिळवली, तीही कमी पगाराची.

९ नोव्हेंबर १९५२ च्या रात्री त्याने या डोंगरांच्या आपल्या मार्गदर्शिकेचं पहिलं पान काढलं. लिहिलं म्हणत नाही, काढलं म्हणतो, कारण तिच्या सातही भागांत मजकुरासाठी एकही खिळा जुळवलेला नाही. अक्षरं हाताची, नकाशे हाताचे, डोंगरांची चित्रं हाताची आणि पानांचे फोटो घेऊन तसेच्या तसे छापलेले. शंभरेक पानं झाली तेव्हा त्याच्या लक्षात आलं की ओळींची उजवी कड वेडीवाकडी संपते. त्याने ती सगळी पानं बाद केली आणि पहिल्यापासून सुरुवात केली, या वेळी दोन्ही कडा सरळ ठेवून. हातात टाक घेऊन हे करून पाहिलं तर त्यातले कष्ट कळतील. मी चार ओळींतच हरलो.

त्याला गाडी चालवता येत नव्हती. रविवारी बसने जायचं, दिवसभर एकट्याने चालायचं, संध्याकाळच्या बसने परतायचं आणि आठवडाभर रात्री बसून पानं काढायची. २१४ डोंगर, तेरा वर्षांचा हिशेब. १९५५ मध्ये पहिल्या भागाच्या २००० प्रती निघाल्या. छपाईइतके पैसे त्याच्याकडे नव्हते, छापणाऱ्याने प्रती विकल्या जातील तसे घेतले. १९६६ मध्ये सातवा भाग आला. पहिला भाग त्याने ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशाखात्याच्या माणसांना अर्पण केला आहे, दुसरा डोंगरांवर दगडी बांध घालणाऱ्यांना, चौथा तिथल्या मेंढ्यांना आणि सहावा आपल्या उजव्या नि डाव्या पायाला.

फोर्टच्या पदपथावर मिळालेला त्याचा एक भाग माझ्याकडे आहे, खिशात मावेल एवढा. नकाशा पानाच्या तळाशी वरून पाहिल्यासारखा सपाट सुरू होतो आणि वर सरकता सरकता उभा डोंगर होतो. म्हणजे पायाशी नकाशा, डोळ्यांसमोर चित्र, आणि सांधा कुठे तो सापडत नाही. वेस्टचं पाहणं आणि ऑटलीचं चालणं एकाच पानावर आलं. यंग झिंगारो ट्रेकर्सच्या ‘सांगाती सह्याद्रीचा’मधले हाताने काढलेले नकाशे मला याच घराण्यातले वाटतात. त्यांनी वेनराइट पाहिला होता म्हणून नव्हे, तर वाट ज्याच्या पायांत आहे त्याचा हातही तीच रेघ काढतो म्हणून. आणि ‘सांगाती’ हा शब्द तर ‘गाइड’पेक्षा कितीतरी जवळचा.

वाटा बदलतात. बांध ढासळतो, दरड येते, नवी कुंपणं पडतात. म्हणून २००५ पासून ख्रिस जेस्टीने ते सगळे डोंगर पुन्हा चालून वेनराइटची पानं सुधारली, त्याच्यानंतर क्लाइव्ह हचबीने पुन्हा.

पण तिसऱ्या भागातलं एक पान मला सगळ्यात जास्त आवडतं. ते हेल्म क्रॅगचं आहे. वर्डस्वर्थ भावंडं ज्या ग्रासमिअर गावात राहिली, त्या गावाच्या डोक्यावरचा हा जेमतेम चारशे मीटरचा डोंगर. त्याचा खरा माथा म्हणजे एक तिरका, उघडा सुळका. शेवटचे काही हात कातळावर चढल्याशिवाय तिथे पोहोचता येत नाही. वेनराइटला ते जमलं नाही. त्याने तसं लिहिलं, आणि लेखक कधीतरी वर पोहोचलाच तर ते जाहीर करायला पानाच्या कोपऱ्यात थोडी जागा मोकळी सोडली. पुस्तकाच्या आवृत्त्या निघत राहिल्या, १९९१ मध्ये तो गेला. तो कोपरा कोराच राहिला.