सरनदीपचा डोंगर आणि शेख उस्मानची वाट

श्रीलंकेच्या सहलीच्या बहुतेक पॅकेजमध्ये आता 'अ‍ॅडम्स पीक' असतो. कँडीचे दंतमंदिर, नुवारा एलियाचे चहाचे मळे, यालाच्या जंगलातले बिबटे आणि मध्ये हा एक रात्रीचा ट्रेक. रात्री दोनला निघायचे, पाच हजारांहून जास्त पायऱ्या चढायच्या, सूर्योदय बघायचा, फोटो काढायचे आणि नाश्त्याला हॉटेलात परत यायचे. माहितीपत्रकात डोंगराची उंची दिलेली असते, २,२४३ मीटर. खाली एक ओळ असते की माथ्यावरच्या पावलाच्या ठशाला चार धर्मांचे लोक मानतात. पर्यटक ती वाचून 'वा!' म्हणतो आणि पुढच्या पानावर जातो. मला त्या ओळीपाशी जरा थांबायचे आहे. ती वाटते तितका तिच्यामागचा इतिहास गोड नाही.

ठसा म्हणजे खडकातला साधारण पावणेदोन मीटर लांबीचा खळगा. सिंहली बौद्धांच्या श्रद्धेनुसार ते बुद्धाचे डावे पाऊल, म्हणून डोंगराचे नाव श्रीपाद. तमिळ हिंदूंसाठी ते शिवाचे. मुसलमान ते हजरत आदम (अ.) यांचे मानत आले. ख्रिस्ती लोकांपैकी काही आदमचे म्हणतात, तर काही सेंट थॉमसचे. याशिवाय सिंहलीत 'समनल कंद', म्हणजे फुलपाखरांचा डोंगर, असेही एक नाव आहे. ते मला सगळ्यांत आवडते, कारण त्यावर कुणाचा दावा नाही.

वर्गात जुन्या सफरनाम्यांचा विषय निघाला की एखादा मुलगा हमखास विचारतो, "सर, ते पाऊल खरंच आदम अलैहिस्सलाम यांचं आहे का?" मी सांगतो, कुरआनात सूरह बकरहमध्ये आदम आणि हव्वा यांना जमिनीवर उतरण्याचा हुकूम आहे, जागेचे नाव कुठेही नाही. सरनदीपचे नाव तफसीरकार आणि इतिहासकारांनी नोंदवलेल्या रिवायतींतून आले. अरब खलाशांमध्ये ते फार जुने आहे. इ.स. ८५१च्या सुमारास लिहिल्या गेलेल्या चीन-हिंदच्या अरबी वृत्तांतात हा डोंगर आणि त्यावरचे पाऊल दोन्ही आहेत. पण रिवायत हा ईमानचा भाग नाही. ती मानणाराही मुसलमान आणि न मानणाराही मुसलमान.

या रिवायतीचा एक धागा आपल्या खुलदाबादपर्यंत येतो. तिथे मौलाना गुलाम अली आझाद बिलग्रामी यांची कबर आहे. माणूस मूळचा अवधमधल्या बिलग्रामचा, पण आयुष्याचा मोठा काळ औरंगाबादेत गेला आणि १७८६मध्ये इथल्याच मातीत मिसळला. त्यांचा 'सुब्हतुल मरजान' हा अरबी ग्रंथ १७६३-६४च्या सुमाराचा. त्याच्या पहिल्या भागात त्यांनी हदीस आणि तफसीरमधले हिंदचे उल्लेख गोळा केले आणि म्हटले की आदम सरनदीपला उतरले, सरनदीप हिंदच्याच मुलखात येते, तेव्हा पहिल्या नबीची ही पहिली भूमी. 'तुम्ही बाहेरचे' हे वाक्य ऐकत मोठ्या झालेल्या कुणालाही हे वाचून छाती फुगल्यासारखे वाटेल. मलाही वाटले होते. पण रिवायतीचा सातबारा करून तो कुणाच्या तोंडासमोर नाचवावा, असे मला वाटत नाही. आझाद यांनीही तो मुकदमा जिंकण्यासाठी लिहिला नव्हता, आपण राहतो त्या जमिनीवरच्या प्रेमापोटी लिहिला होता.

आता इब्न बतूता. १३२५मध्ये एकविसाव्या वर्षी तंजाहून निघालेला हा माणूस मुहम्मद तुघलकाच्या दिल्लीत काझी झाला, सुलतानाचा वकील म्हणून चीनकडे निघाला आणि वाटेत आपल्या दौलताबाद-नंदुरबारवरून गेला. मग कालिकतला त्याची जहाजे वादळात सापडली, पुढे मालदीवमध्ये तो पुन्हा काझी झाला आणि १३४४मध्ये तिथून माबारला, म्हणजे तमिळ किनाऱ्याला, जायला निघाला. वाऱ्याने जहाज श्रीलंकेकडे ढकलले. तो लिहितो की नऊ दिवसांच्या अंतरावरूनच डोंगर धुराच्या खांबासारखा दिसत होता.

खलाशी घाबरले होते, कारण तिथला राजा आर्य चक्रवर्ती जहाजे लुटतो अशी त्याची ख्याती होती. इब्न बतूता पुत्तलमला उतरला आणि थेट राजाकडे गेला. राजा तमिळ हिंदू, पण त्याला फारसी येत होती. तीन दिवस गप्पा झाल्या, राजाने मोती दाखवले आणि विचारले, तुला काय हवे? पाहुणा म्हणाला, मला फक्त आदमच्या पावलाची जियारत करायची आहे. राजाने पालखी दिली. सोबत दरवर्षी त्या पावलाच्या दर्शनाला जाणारे चार योगी, तीन ब्राह्मण, दरबारातले दहा जण आणि शिधा वाहायला पंधरा माणसे. एका मगरिबी काझीची जियारत अशी योग्यांच्या आणि ब्राह्मणांच्या सोबतीने सुरू झाली.

वाटेत कुनकार नावाचे गाव लागते. गावाबाहेर शेख उस्मान शीराझी यांची मशीद. राजा आणि प्रजा दोघेही त्यांना मानत. डोंगरावर जाणाऱ्यांचे वाटाडे तेच होते. पण इब्न बतूता पोहोचला तेव्हा त्यांना चालणे शक्य नव्हते, कारण त्यांचा एक हात आणि एक पाय कापलेला होता. त्यांनी गाय कापली होती. त्या मुलखाच्या कायद्याने याची शिक्षा मृत्यू होती. शेखांचा मान मोठा म्हणून जीव वाचला, हातपायांवर निभावले आणि वर एका बाजारपेठेच्या कराचे उत्पन्न त्यांना लावून दिले गेले. त्यांच्यानंतर त्यांची मुले आणि गुलाम वाटाडेपण करू लागले.

सफरनाम्यातला हा परिच्छेद मी किती वेळा वाचला असेन, सांगता येणार नाही. सर्वधर्मसमभावाच्या भाषणात तो बसत नाही, म्हणून तिथे कुणी तो सांगत नाही. द्वेषाच्या भाषणात सांगायचा तर अर्धाच सांगावा लागतो. कारण शिक्षा देणारे तेच आणि पेठेचे उत्पन्न देणारेही तेच. ज्याचा पाय गेला त्याच्या घराने वाट दाखवायचे काम सोडले नाही, आणि ज्यांनी पाय तोडला त्यांनी ते त्या घराकडून काढून घेतले नाही. क्रूरता खरी होती, मानही खरा होता. आजच्या आपल्या गावांकडे पाहताना मला या दोन्ही गोष्टी एकदम डोळ्यांसमोर ठेवाव्या लागतात. एकीला झाकून दुसरी सांगितली की ते खोटे ठरते.

इब्न बतूता आणखी एक गोष्ट नोंदवतो. इथले लोक मुसलमानांना घरात घेतात, जेवू घालतात, हिंदच्या लोकांसारखे नाहीत. मलबारात त्याने भांड्यांची शिवाशिव पाहिली होती. इथल्या या वागण्याचे कारण म्हणून तो शेख अबू अब्दुल्लाह इब्न खफीफ यांची कथा देतो. त्यांच्या सोबतच्या भुकेल्या फकिरांनी हत्तीचे पिल्लू मारून खाल्ले, शेखांनी खाल्ले नाही. रात्री हत्तींनी सगळ्यांना मारले आणि शेखांना पाठीवर बसवून वस्तीत आणून सोडले. कथा म्हणून वाचावी.

चढायच्या वाटा दोन होत्या, एक 'बाबा' आणि दुसरी 'मामा', म्हणजे आदमची आणि हव्वाची. मामा सोपी. तिने कुणी वर गेला तर जियारत झाली असे धरत नसत. जायचे बाबा वाटेने, परतायचे मामा वाटेने. जुन्या लोकांनी कड्यात पायऱ्या खोदून लोखंडी खुंट्या ठोकल्या होत्या आणि त्यांना धरायला साखळ्या लटकवल्या होत्या. साखळ्या दहा. दहावीचे नाव कलमा-ए-शहादतची साखळी. तिथे पोहोचून खाली पाहिले की माणसाला भोवळ येते आणि मरणाच्या भीतीने तोंडून आपोआप कलमा निघतो! पुढे खिज्र (अ.) यांची गुहा. तिथे तीन दिवस मुक्काम करून रोज सकाळ-संध्याकाळ पावलापर्यंत जायची पद्धत होती.

मला यातल्या साखळ्या महत्त्वाच्या वाटतात. वर पोहोचल्यावर प्रत्येकाचे पाऊल वेगळे होते आणि ते वेगळेच राहिले. पण साखळी तीच होती. ती पकडताना कुणी योगी की काझी हे विचारत नसे. डोंगर एकत्र नांदला त्यात मोठा वाटा वाट दुरुस्त ठेवणाऱ्यांचा आहे. अकराव्या-बाराव्या शतकातल्या विजयबाहू राजाने यात्रेकरूंसाठी धर्मशाळा बांधल्या, गावे लावून दिली. त्याच्याच शिलालेखात असेही आहे की खालच्या मानलेल्या जातींसाठी त्याने पावलाच्या चौथऱ्याखाली वेगळा चौथरा बांधला. वाट सगळ्यांची, माथा मात्र नाही. हे वाचून महाराष्ट्रातल्या माणसाला काही समजावून सांगायची गरज नाही.

ताबाही बदलत राहिला. सोळाव्या शतकात सीतावकच्या राजसिंहाने डोंगर शैव आंडी गोसाव्यांकडे दिला, अठराव्या शतकात कीर्ती श्री राजसिंहाने तो बौद्ध भिक्खूंकडे परत सोपवला. आज व्यवस्था त्यांच्याकडेच आहे. मुसलमान आता कमी चढतात. ईस्टर २०१९च्या बॉम्बस्फोटांत अडीचशेहून अधिक माणसे मेली, पुढच्या महिन्यात मुसलमानांची घरे आणि मशिदी जाळल्या गेल्या, कोरोनात मय्यतींचे सक्तीने दहन झाले. याच भागात बलंगोडाजवळ कूरगल येथे 'दफ्तर जीलानी' आहे. शेख अब्दुल कादिर जीलानी यांनी तिथल्या गुहेत इबादत केली असे लोक मानतात. तिथेच प्राचीन बौद्ध लेणीही आहेत, आणि गेल्या काही वर्षांत ती जागा कोणाची हा वाद पेटता आहे. तिथे एकाच साखळीला हात घालायची वेळ कुणावर येत नाही. दोन्हीकडचे लोक गाडीने जवळपर्यंत पोहोचतात.

मी फेब्रुवारीत नल्लतन्नी गावाकडून चढलो. हॅटनपर्यंत रेल्वे, पुढे बस. पायऱ्यांवर दिवे होते, जागोजागी चहाच्या टपऱ्या होत्या आणि पांढऱ्या कपड्यातल्या सत्तरीच्या आज्या मला सहज मागे टाकत होत्या. उतरणारे चढणाऱ्यांना 'करुणावै' म्हणतात, आपल्या वारीत एकमेकांना 'माउली' म्हणतात तसे. माथ्यावर घंटा आहे. जितक्या वेळा चढलात तितके टोल द्यायचे. मी एक दिला. माझ्या आधीच्या बाईंनी दिलेले टोल मोजायचा प्रयत्न मी पंधराच्या पुढे सोडून दिला. पाऊल झाकलेले होते, आणि त्याचे मला वाईट वाटले नाही. सूर्य वर आल्यावर डोंगराची त्रिकोणी सावली पश्चिमेच्या ढगांवर पडते, ती पाहायला सगळे एका कठड्याला गर्दी करतात. फजरची नमाज मी त्याआधी खालच्या एका टपरीमागे पढली. टपरीवाल्याने न विचारता पाण्याची बाटली पुढे केली आणि नंतर तिचे पैसेही घेतले.

जाणार असाल तर डिसेंबरच्या पौर्णिमेपासून मे महिन्यातल्या वैशाखी पौर्णिमेपर्यंतचा काळ यात्रेचा. बाकीचे महिने पाऊस, धुके आणि वाटेवर दिवे नाहीत. पौर्णिमेची रात्र आणि शनिवार-रविवार टाळा, नाहीतर पायऱ्यांवर तासन्‌तास उभे राहावे लागेल. माथ्यावर थंडी असते, स्वेटर हवाच. अंगात दम असेल तर रत्नपुरा बाजूची लांब, जंगलातली वाट धरा. ओल असली की तिथे जळवा लागतात. इब्न बतूतानेही त्या पाहिल्या होत्या. तो लिहितो की तिथले लोक लिंबू जवळ ठेवत आणि जळू चिकटली की तिच्यावर पिळत, मग ती गळून पडे. लिंबू खालच्या बाजारातच घ्या.