कमी दृश्यमानतेतील उड्डाण-परवानगी

धावपट्टीवरील दृश्यमानता साधारण ४०० मीटरच्या खाली गेली, की विमानाला उड्डाणासाठी खास परवानगी लागते. भारतात ती नागरी विमान वाहतूक महासंचालनालय देते. विमान कंपनी, वैमानिकांचे सिम्युलेटरवरील प्रशिक्षण आणि विमानतळावरील मध्यरेषेचे दिवे, सारे तपासून.

दिल्लीच्या दाट धुक्यात योग्य यंत्रणेचे विमान ५० मीटर दृश्यमानतेतही उतरू शकते. उड्डाणाला मात्र सहसा १२५ मीटर लागतात. हे उलटे वाटते, पण कारण पक्के आहे. उतरताना स्वयंचलित यंत्रणा विमान सांभाळते. उड्डाणात वैमानिकालाच डोळ्यांनी मध्यरेषा धरावी लागते, ऐन वेगात इंजिन बंद पडले तरी.

८ ऑक्टोबर २००१ रोजी मिलानच्या लिनाते विमानतळावर धुक्यात उड्डाण घेणारे विमान धावपट्टीवर चुकून आलेल्या छोट्या विमानावर आदळले. त्या छोट्या विमानाचे वैमानिक अशा दृश्यमानतेसाठी पात्र नव्हते. ११८ माणसे गेली.