वन्यप्राणी स्थानांतरण, गणिती प्रतिमानाधारित

वन्यप्राणी एका अधिवासातून दुसऱ्यात हलवण्यापूर्वी त्याचे संभाव्य परिणाम आकडेमोडीने तपासण्याची पद्धती. जन्मदर, मृत्युदर, माद्यांची संख्या, भक्ष्याची उपलब्धता, निकटप्रजनन असे घटक घेऊन संगणकावर समूहाचे भवितव्य शेकडो वेळा, दरवेळी वेगळ्या योगायोगांसह, चालवून पाहतात. ठरावीक वर्षांत समूह नामशेष होण्याची शक्यता त्यातून मिळते. छोट्या समूहात एका प्रजननक्षम मादीचा मृत्यूही निकाल फिरवतो, म्हणून बहुधा माद्यांना अग्रक्रम मिळतो. मे २०२३ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील ब्रह्मपुरी परिसरातून नागझिरा अभयारण्यात आणून सोडल्या त्या दोन्ही वाघिणीच होत्या.

पुणे जिल्ह्यातील जुन्नरचा अनुभव मात्र प्रत्येक नियोजकाने डोळ्यांसमोर ठेवावा असा आहे. उसाच्या पट्ट्यात पकडलेले बिबटे २००१ पासून मोठ्या प्रमाणावर जंगलांत नेऊन सोडले गेले. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांच्या २०११ मधील शोधनिबंधानुसार, त्यानंतर माणसांवरील हल्ले वर्षाला सरासरी ४ वरून १७ वर गेले. पकडण्याचा ताण, मूळ हद्दीकडे परतण्याची ओढ आणि सोडलेल्या जागी आधीपासून असलेले बिबटे यांना समीकरणात स्थान नसेल, तर संख्येचा अचूक अंदाजही गावकऱ्यांच्या जिवावर बेतू शकतो.