वटवाघळांचे वर्गीकरण आणि सलीम अलींच्या नावाची जाती : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :

प्राणी सापडणे आणि तो ओळखला जाणे या दोन भिन्न घटना होत. वटवाघळांच्या वर्गीकरणाचा इतिहास याची साक्ष देतो. लिनियस यांनी १७५८ मध्ये वटवाघळांना मानव व माकडे यांच्यासमवेत 'प्रायमेट्स' गणात स्थान दिले होते. १७७९ मध्ये ब्लूमेनबाख यांनी त्यांच्यासाठी 'कायरॉप्टेरा' हा स्वतंत्र गण मांडला. आज या गणात १४०० हून अधिक जातींची नोंद आहे. प्रस्तुत निबंधात त्यांपैकी एका भारतीय जातीच्या शोधाचा परामर्श घेतला आहे.

नमुन्याचे पुनःपरीक्षण :

१९४८ मध्ये अँगस हटन या निसर्गअभ्यासकाने तत्कालीन मद्रास प्रांतातील हाय वेव्ही पर्वतात (मेघमलई) एक फलाहारी वटवाघूळ मिळविले. तो नमुना मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संग्रहात दाखल झाला. मात्र सर्वत्र आढळणाऱ्या आखूड नाकाच्या फलाहारी वटवाघळाच्या, म्हणजे 'सायनॉप्टेरस' वंशाच्या, नावाने. पुढे थायलंडचे प्राणिशास्त्रज्ञ किट्टी थाँगलाँग्या यांनी त्याची नव्याने तपासणी केली. सायनॉप्टेरसला शेपटी असते व प्रत्येक जबड्यात पटाशीच्या दातांच्या दोन जोड्या असतात. या नमुन्यास बाह्य शेपटी नव्हती आणि प्रत्येक जबड्यात पटाशीच्या दातांची एकच जोडी होती. हा भेद केवळ जातीचा नसून वंशाचाच आहे, असा निष्कर्ष त्यांनी काढला. १९७२ मध्ये सोसायटीच्याच नियतकालिकात त्यांनी नवा वंश व नवी जाती प्रसिद्ध केली आणि पक्षिशास्त्रज्ञ सलीम अली यांच्या गौरवार्थ तिला 'लॅटिडेन्स सलीमअली' हे नाव दिले. १९९३ मध्ये ही जाती निसर्गात पुन्हा आढळली.

नाव आणि संरक्षण :

१९७२ हेच वन्यजीव संरक्षण कायद्याचेही वर्ष होय. या कायद्याने फलाहारी वटवाघळांना उंदीर व कावळे यांच्या पंक्तीस बसवून उपद्रवी प्राण्यांच्या पाचव्या अनुसूचीत टाकले होते. स्वतंत्र ओळख सिद्ध झालेल्या या जातीस मात्र पुढे सर्वोच्च संरक्षणाच्या पहिल्या अनुसूचीत स्थान मिळाले. उपद्रवी प्राण्यांची ती अनुसूची २०२२ च्या दुरुस्तीने वगळण्यात आली.

समारोप :

चोवीस वर्षे एक दुर्मीळ वंश सामान्य जातीच्या चिठ्ठीखाली दडून राहिला. नमुना जतन केला गेला नसता, तर ही चूक दुरुस्त होण्यास आधारच उरला नसता. महाविद्यालयीन संग्रहालयांतील धूळ खात पडलेल्या बरण्यांकडे पाहण्याची दृष्टी या इतिहासातून मिळते. त्यांवरील चिठ्ठी हा अभ्यासाचा शेवट नसून पुढील अभ्यासकाने तपासून पाहावयाचे विधान असते.